खालच्या बिजागरीच्या टिकल्या

एका जागी बसून अख्खा कप चहा प्यायलेला भिंगरी कोणी पाहिला असेल तर त्यानं खुशाल पुढे यावं. निदान त्याच्या बायकोनं तरी पाहिला नव्हता. अर्धा चहा तो ओट्यापाशी उभ्यानं घ्यायचा, मग "आलोच" म्हणून शेडमध्ये जायचा. उरलेला अर्धा कप दुपारी कधीतरी वेल्डिंगच्या मशीनवर सापडायचा, तळाशी लोखंडाचा कीस बसलेला. बायको तो धुवायची आणि मनातल्या मनात दोन शब्द बोलायची. मोठ्यानं बोलून उपयोग नव्हता, कारण वाक्य पुरं होईपर्यंत ऐकणारा जागेवर हवा ना!

भिंगरी हे नाव त्याला धाकट्या बहिणीनं लहानपणीच ठेवलं होतं. पायाला भिंगरी लागलेला, म्हणून भिंगरी. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी रंगवता रंगवता त्याला दुसरं काम आठवलं, म्हणून तेही अर्ध्यावरच राहिलं. गिऱ्हाइकं ती अर्धी पाटी बघून हसत आणि आत येत.

धंदा त्याचा गाड्यांना जास्तीचं लोखंड बसवायचा. दगडधोंड्यांतून, नदीनाल्यांतून जाणाऱ्या उंच गाड्यांना पुढे जाड बंपर, टपावर जाळी, बाजूला पायरी असली कामं. हाताला गुण होता त्याच्या. त्यानं केलेला सांधा शोधून सापडायचा नाही. डोकं मात्र एका ठिकाणी ठरायचं नाही. एक बोल्ट आवळता आवळता त्याला दुसऱ्या गाडीची पायरी आठवे, तिकडे जाईपर्यंत फोन वाजे, आणि परत आल्यावर कुठला बोल्ट आवळला नि कुठला राहिला, देव जाणे. हे त्याचं त्यालाही पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यानं टिकलीची युक्ती काढली होती.

टिकली म्हणजे काय, तर बोल्ट पूर्ण आवळला की त्याच्या डोक्यावरून खालच्या पट्टीपर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढायची. पुढे कधी बोल्ट सैल होऊन फिरला तर रेघ तुटलेली लांबूनच दिसते. या कामातले बरेच जण असं करतात. पण भिंगरीला पुढच्यापेक्षा आत्ताचीच चिंता जास्त. रेघ दिसली की तो बोल्ट संपला, पुन्हा त्याच्याकडे बघायचं नाही, इतका साधा हिशेब. रंग म्हणून त्यानं एकदा बायकोची डाळिंबी नेलपॉलिशची बाटली उचलली ती कायमचीच. बायकोनं कपाळावर हात मारला, त्या रेघांना टिकल्या म्हणायला लागली, आणि स्वतःच्या नखांना रंग लावायचं सोडून दिलं.

तीही त्याच शेडमध्ये राबायची. पत्रा घासणं, रंग मारणं, रबर कापणं, जड काही बसवताना खालून जॅक धरणं, सगळं करायची. फक्त पान्याला तिचा हात लागला की वरून भिंगरीचा हात आलाच म्हणून समजा. "आण इकडे. तुझं होईपर्यंत संध्याकाळ होईल." लग्न झाल्यापासून हे असंच. पाना हातातून गेला की ती पदराला हात पुसून बाजूला व्हायची.

अशा या शेडमध्ये एक दिवस बहिणीची गाडी आली. बहीण फिरत्या दवाखान्यात नर्स होती. तिला भिंगरी बारकी म्हणायचा, आणि ती होतीही तशीच, चार माणसांत शोधावी लागेल इतकी. तिच्या दवाखान्याची गाडी डोंगरातल्या वस्त्यांवर जायची. रस्ते असे की नुसते दगडच. म्हणून गाडीला मोठी चाकं चढवली, आणि मग पंचाईत झाली ती स्टेपनीची. जुनं जास्तीचं चाक गाडीच्या पोटाखाली मावायचं, हे नवं धूड तिथे शिरेना. ते आत ठेवलं तर स्ट्रेचरला जागा उरेना.

"दादा, पेशंटला काय मी स्टेपनीवर बसवून आणू?" बारकीनं विचारलं. "मागच्या दारावर कॅरियर बसवून दे. उद्या सकाळी निघायचंय मला."

"एवढंच ना! संध्याकाळी येऊन घेऊन जा."

एवढंच नव्हतं ते. मागचं दार कपाटासारखं एका बाजूला उघडणारं, आणि त्याचा पत्रा पातळ. एवढ्या चाकाचं ओझं नुसत्या पत्र्यावर टांगलं तर चार दिवसांत दार लोंबायला लागेल. म्हणून जुन्या बिजागऱ्या काढून तिथे जाड पोलादाच्या बसवायच्या, कॅरियरची चौकट त्यांनाच जोडायची, म्हणजे भार दाराऐवजी गाडीच्या सांगाड्यावर जातो. भिंगरीनं चौकट झकास केली. बायकोनं ती घासून काळा रंग मारला. मग दोघांनी दाराखाली जॅक लावला आणि बिजागऱ्या चढवल्या.

या कामात बोल्ट आधी नुसते हातानं फिरवून ठेवायचे असतात. मग दार थोडं वर, थोडं खाली करत चारी बाजूंची फट सारखी आणायची, आणि फट जमली की पान्यानं आवळायचं. फट जमली. भिंगरीनं वरच्या बिजागरीचे बोल्ट दात ओठ खाऊन आवळले. तेवढ्यात रस्त्यावरून हाक आली. कोपऱ्यावर एका ट्रकचा ब्रेक अडकला होता आणि मागे गाड्यांची रांग लागली होती. आता ट्रक काय त्याचा मामा लागत होता? पण नाही! "आलोच" म्हणाला आणि पान्यासकट पळाला.

बायको दाराशी उभी. संध्याकाळ व्हायला आली होती, नणंद कुठल्याही क्षणी येणार. तिला वाटलं, तेवढाच हातभार. तिनं बाटली उघडली आणि वरच्या बोल्टांना टिकल्या लावल्या. मग वाकून खालच्यांनाही लावल्या. वरचे आवळताना तिनं डोळ्यांनी पाहिले होते, खालच्यांचं ती धरूनच चालली. दोन्ही बिजागऱ्या एकदमच चढवलेल्या, एकदमच आवळल्या असणार.

भिंगरी आला. टिकल्या दिसल्या. टिकली दिसली की बोल्ट संपला! त्यानं जॅक काढला, कॅरियरवर चाक चढवलं, दार दोनदा धाडकन लावून बघितलं. बिजागऱ्या नव्या होत्या, दार बसलं. तेवढ्यात बारकी आली.

"बघ, कसं आहे?" तो म्हणाला. "जड वाटेल, पण घाबरायचं नाही. हँडल धरून पूर्ण जोरानं ओढायचं. दार पडत नाही, मी बसवलंय."

बारकीनं वहिनीला मिठी मारली, दादाच्या पाठीत धपाटा घातला आणि गाडी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी ओट्यापाशी उभ्यानं चहा घेत होता आणि एक डोळा शेडकडे लावून होता.

"अहो, बाजारात गेलात तर ती बाटली आणा," बायको म्हणाली. "संपली काल. तुमच्या बोल्टांना टिकल्या लावता लावता..."

"आणतो," तो म्हणाला आणि शेडकडे दोन पावलं गेला. मग थांबला. "कुठल्या बोल्टांना?"

"कुठल्या म्हणजे? बारकीच्या दाराच्या."

"वरच्या."

"वरच्या आणि खालच्या. तुम्ही ट्रककडे गेलात तेव्हा."

कप त्याच्या हातात तसाच राहिला. खालची बिजागरी आवळल्याचं त्याला आठवेना. हाताला आठवेना, खांद्याला आठवेना. वरचे आवळताना मनगटात गेलेली कळ आठवत होती, खालच्यांसाठी गुडघे टेकल्याचंच आठवत नव्हतं. आणि गुडघे टेकल्याशिवाय ते बोल्ट आवळताच येत नाहीत. 

"अगं, ते मी आवळलेच नव्हते!"

 त्यानं फोन लावला. बारकीचा फोन लागेना. दवाखान्याच्या ड्रायव्हरकाकांचा लावला, तोही लागेना. डोंगर सुरू झाला की फोन मरतात हे दोघांनाही माहीत होतं, तरी तो पुन्हा पुन्हा लावत राहिला. डोळ्यांसमोर एकच चित्र. वस्तीवर गाडी थांबते, बारकी मागे येते, हँडल धरून पूर्ण जोरानं ओढते. आणि ते सगळं धूड, दार, चौकट, चाक, तिच्या अंगावर. एवढीशी बारकी. पूर्ण जोरानं ओढ, हे तिला त्यानंच सांगितलं होतं!

पाना पिशवीत, पिशवी बायकोच्या खांद्याला, आणि मोटरसायकल सुरू. "तू कशाला येतेस?" असं त्यानं विचारलं खरं, पण ती आधीच मागे बसली होती.

शहराबाहेर पडेपर्यंत त्याचं लक्ष रस्त्यावर होतं. मग सुरू झाला. "तुला कोणी सांगितलं होतं? माझं काम, माझी खूण. तू त्यात हात घालायचाच कशाला? टिकली म्हणजे काय शोभेची वस्तू वाटली तुला?"

बायकोनं खांद्यावरची पिशवी सावरली.

"विचारायचं तरी! एक शब्द विचारायचं!"

"कोणाला विचारू?" ती एकदम कडाडली. "तुम्ही होतात का तिथे? तुम्ही कधी असता का? अर्ध्यावर टाकून पळालात, ते विचारा आधी स्वतःला!"

"म्हणून तू..."

"ऐका! आज माझं वाक्य पुरं होऊ द्या. इतकी वर्षं त्या शेडमध्ये राबतेय, एक बोल्ट आवळू दिलात कधी मला? एक? हातात पाना आला की ओढून घेता. मला कळणार कसं आवळलाय की नाही ते? हाताला कधी कळूच दिलं नाहीत. टिकली लावायचीच तेवढी माझी लायकी ठेवलीत, ती मी लावली."

मोटरसायकलवरून उठून जाता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा भिंगरीला तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकावं लागलं.  त्याला नुसता राग आला, आणि तो नेमका कोणाचा आला हे काही केल्या ठरेना.

चढ सुरू झाला. रस्ता सरला आणि दगड लागले. प्रत्येक दगडाला मोटरसायकल आपटे आणि त्याच्या काळजाचा ठोका चुके, की हाच दगड त्या गाडीलाही लागला असणार, इथेही ते बोल्ट थोडे आणखी फिरले असणार. एका वळणावर काळं काहीतरी पडलेलं दिसलं.  जवळ जाऊन पाहतो तर फाटकी ताडपत्री. पुढे एक बाई डोक्यावर लाकडं घेऊन चालली होती. त्यानं विचारलं, पांढरी दवाखान्याची गाडी गेली का?

"गेली की मघाच," ती म्हणाली. "मागून खडखड वाजत होती."

भिंगरीनं पुढचं ऐकलंच नाही. बायकोनं मात्र मागे वळून विचारलं, "दार होतं ना जागेवर?" पण तोवर ती बाई खूप मागे राहिली होती.

वस्ती दिसली ती एका टेकाडावर. चार घरं, समोर सपाट जागा, मधोमध पांढरी गाडी. गाडीमागे माणसं गोळा झालेली. जमिनीवर स्ट्रेचर, त्यावर एक म्हातारे गृहस्थ कण्हत पडलेले. झाडावरून पडून कंबरेचं हाड मोडलं होतं म्हणे. आणि ड्रायव्हरकाका मागच्या दाराचं हँडल धरून उभे.

"थांबा!" भिंगरी ओरडला. मोटरसायकल कुठे पडली ते त्यानं पाहिलं नाही, आणि बायको कशी उतरली तेही नाही. "दाराला हात लावू नका!"

"अरे, बांधलंय ते!" गाडीच्या आडून बारकी बाहेर आली. धडधाकट, हातात कात्री. "ये दादा. तुझीच आठवण काढत होते. चांगली नव्हे हं."

तेव्हा त्याला दिसलं. स्ट्रेचरचे पट्टे चौकटीतून घालून गाडीच्या टपाच्या जाळीला आवळून बांधले होते. चाक, चौकट, दार, सगळ्याची मोट बांधलेली. त्याचा जीव भांड्यात पडला.

"अर्ध्या वाटेत खडखडायला लागलं," बारकी सांगत होती. "उतरून हलवून बघितलं तर खालची बिजागरी दुधाच्या दातासारखी हलत होती. म्हणून बांधून टाकलं. औषधं सगळी बाजूच्या दारानं काढली. पण हे आजोबा काही त्या दारातून आत जायचे नाहीत. म्हणून काकांना म्हटलं, चार जणांनी चाक खालून उचलून धरलं तर उघडून बघू."

तिला हलवून बघायची सवय होती ती वडिलांची. वडील शिड्या करायचे, आणि या दोघांना शिडीवर चढू देण्याआधी ती हलवून दाखवायला लावायचे. बारकीच्या अंगात ते मुरलं. भिंगरी तोवर चौथ्या पायरीवर असायचा.

"पण दादा, टिकल्या तर होत्या रे सगळ्या बोल्टांना," बारकी म्हणाली. "मी बघितल्या काल. म्हणून तर बिनधास्त निघाले. कशा लावल्यास न आवळता?"

बायकोनं मान वर केली. "मी लावल्या."

बारकी वहिनीकडे बघायला लागली, मग दादाकडे. ड्रायव्हरकाकाही बघायला लागले. आता भिंगरीनं तोंड उघडलं की सगळं वाटेतलं पुन्हा ऐकावं लागणार, असं बायकोला वाटलं.

"तिनं लावल्या," भिंगरी म्हणाला. "पण पाना मी घेऊन पळालो होतो. बारके, माझंच चुकलं. तुला काही झालं असतं तर मी..." आणि त्यानं बाहीनं डोळे पुसले.

"नंतर रड," बारकी म्हणाली. "आजोबा कण्हतायत."

तो गुडघ्यांवर बसला. बायकोनं पिशवीतून पाना दिला. खालच्या बिजागरीचे बोल्ट खरोखरच बोटांनी फिरत होते, आणि त्यांच्यावरच्या डाळिंबी रेघा तुटून भलतीकडे तोंड करून बसल्या होत्या. ड्रायव्हरकाकांनी आणि एका तरुणानं चाकाला खांदा दिला, बायकोनं गाडीतला जॅक लावून दार वर उचललं, वाकून फट बघितली आणि म्हणाली, "अजून थोडं. हां, बस." भिंगरीनं आवळायला घेतलं. पहिला, दुसरा, तिसरा. मागून आजोबा विव्हळले. चौथा. तो उठला आणि सवयीनं हात पुढे केला. "बाटली दे."

"बाटली संपली," बायको म्हणाली. "सकाळी सांगितलं ना."

तो क्षणभर गोंधळला. टिकलीशिवाय काम संपलं हे त्याला कळणार कसं? पाय तर केव्हाच निघाले होते, एक हात दाराच्या हँडलकडे गेला होता. आजोबा कण्हत होते, लोक ताटकळले होते, बारकी पट्टे सोडायला वर चढली होती. मग त्यानं हँडल सोडलं आणि पाना बायकोपुढे धरला.

"तू बघ."

"मी?"

"चारही बघ. तू बघितल्याशिवाय दार उघडायचं नाही."

ती बसली. पाना पहिल्या बोल्टवर बसवायला तिला जरा वेळ लागला. भिंगरीच्या बोटांची चुळबुळ सुरू झाली, तेव्हा त्यानं दोन्ही हात काखेत दाबून धरले. पहिला बोल्ट हलला नाही. दुसरा हलला नाही. ती एकेकावर अंगाचा भार टाकत होती, घाई न करता. तिच्या कपाळावर घाम आला होता. त्याच्या तोंडाशी 'आण इकडे' आलं होतं, ते त्यानं गिळलं. तिसरा हलला नाही.

चौथ्यावर तिनं जोर दिला आणि पाना फिरला. थोडासाच. पण फिरला, सगळ्यांनी पाहिला. आजोबा विव्हळले तेव्हा घाईत आवळलेला तो बोल्ट.

बायकोनं वर पाहिलं. भिंगरी तिच्याकडेच बघत होता.  तिनं पाना पुन्हा नीट बसवला आणि दोन्ही हातांनी, दात ओठ खाऊन आवळला, पाना फिरायचा थांबेपर्यंत. मग एकदा परत जोर देऊन बघितलं.

"आता उघडा," ती म्हणाली.

बारकीनं पट्टे सोडले. भिंगरीनं दार उघडलं. एवढं धूड अलगद बाजूला झालं, ना वाजलं, ना लोंबलं. आजोबांना आत सरकवलं, बारकी त्यांच्या उशाशी बसली, दार लागलं. जाताना तिनं काचेतून वहिनीला हात केला. गाडी उतारावरून दिसेनाशी होईपर्यंत भिंगरी एका जागी उभा होता.

मग एका घरातून त्या दोघांसाठी चहा आला. बायको दगडावर बसली. तोही बसला आणि त्यानं अख्खा कप बसून प्यायला. तिनं पाना पुसून आपल्या पिशवीत ठेवला. घरी आल्यावर तो तिनं परत दिला नाही, आणि त्यानंही मागितला नाही.